स्वयंनिर्देशित गृहशिक्षण

स्वयंनिर्देशित गृहशिक्षण : मुलाचे नाव शाळेच्या पटावर न घालता त्याला घरीच वाढवायचे आणि घरीही इयत्ता, वेळापत्रक, ठरावीक अभ्यासक्रम व परीक्षा न लावता, त्याने काय, केव्हा आणि कसे शिकावे हे मुख्यतः त्याच्या कुतूहलावर सोपवायचे, अशी शिक्षणपद्धती. भारतातील पालकांतही ती ‘अनस्कूलिंग’ याच नावाने ओळखली जाते. शाळेचीच पुस्तके घरी आणून आई-वडिलांनी शिकवणे हा गृहशिक्षणाचा वेगळा प्रकार होय. माँटेसोरी पद्धतीत साधने व त्यांचा क्रम आधीच ठरलेला असतो, तेव्हा तिच्याशीही हिची गल्लत करू नये. इंग्लंडमधील समरहिल (१९२१) किंवा अमेरिकेतील सडबरी व्हॅली (१९६८) येथे तासाला बसण्याची सक्ती नाही, पण त्या अखेर शाळाच आहेत. या पद्धतीवरील वाद बहुधा ‘मूल आपणहून शिकते का’ या प्रश्नापाशी अडकतो. उपलब्ध पुरावा मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो. अभ्यासक्रम काढून घेतला की त्याचे काम घरातील मोठ्या माणसांचा वेळ, त्यांची भाषा, त्यांच्या ओळखी आणि त्यांचे लक्ष यांना करावे लागते. ते तसे होते की नाही, यावर या शिक्षणाचे यशापयश ठरते.

या विचाराचे प्रवर्तक अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट (१९२३–८५). पाचवीच्या मुलांना शिकवताना आणि सहकाऱ्याच्या तासाला नुसते बसून मुलांकडे पाहताना त्यांनी जी टिपणे केली, त्यांतून ‘हाउ चिल्ड्रन फेल’ (१९६४) हे पुस्तक झाले. त्यातील एका वर्गात बाईंनी फळ्यावर नाम, विशेषण आणि क्रियापद असे तीन रकाने आखले आहेत. एकेक शब्द कोणत्या रकान्यात जाईल ते त्या विचारतात. मुले शब्दाचा विचार करत नाहीत, बाईंकडे पाहतात. कारण बरोबर रकान्याकडे त्या नकळत झुकलेल्या असतात. दुसरी काही मुले उत्तर अर्धवट पुटपुटतात, म्हणजे त्यातून योग्य शब्द बाईच ऐकून घेतील. चुकण्याच्या धास्तीने मूल विषय बाजूला ठेवते आणि शिक्षकाला हवे ते पुरवण्याची युक्ती तेवढी शिकते, असा होल्ट यांचा निष्कर्ष होता. शाळा सुधारता येईल, ही आशा त्यांना काही वर्षे होती. १९७० मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे ते शाळाव्यवस्थेचे टीकाकार इव्हान इलिच यांच्या केंद्रात गेले. इलिच यांचे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ पुढच्याच वर्षी निघाले. होल्ट यांची आशा मावळत गेली आणि १९७७ मध्ये त्यांनी शाळेविना मुले वाढवणाऱ्या कुटुंबांसाठी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. ते २००१ पर्यंत चालले. मुलाला मोकळे सोडून आपण बाजूला व्हावे, असे मात्र होल्ट यांनी कधी सुचवले नाही. मोठ्यांनी आपले जग, म्हणजे हत्यारे, पुस्तके, कामाच्या जागा, मुलांसाठी खुले करावे आणि विचारले तेव्हा मदत करावी, अशी त्यांची मांडणी होती. अनुयायांना यातले स्वातंत्र्य चटकन दिसले. त्यामागची मेहनत तितकी दिसली नाही.

ठरल्या वयात ठरला धडा झालाच पाहिजे, या समजुतीला छेद देणारा एक जुना दाखला खुद्द शाळेतलाच आहे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील मँचेस्टर शहराचे शाळाप्रमुख एल. पी. बेनेझेट यांनी १९२९ पासून काही वर्गांत सहावीपर्यंतचे औपचारिक अंकगणित बंद केले. त्या वेळात मुले वाचत, पाहिलेल्या गोष्टी सांगत, लांबी-वजनाचे अंदाज बांधत. सहावीत रीतसर गणित सुरू झाल्यावर, पहिल्यापासून ते घोकलेल्या मुलांना त्यांनी वर्षभरात गाठले, असे बेनेझेट यांनी १९३५–३६ मध्ये लिहिले. घरी शिकणाऱ्या मुलांविषयी ॲलन थॉमस आणि हॅरिएट पॅटिसन यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या कामातही असेच चित्र आहे. घरात मोठ्यांशी दिवसभर चालणाऱ्या बोलण्यातून मुले बरेच काही उचलतात. कोणी लवकर वाचू लागते, तर कोणी आठ-नऊ वर्षांनंतर, आणि उशिरा वाचू लागलेली मुलेही पुढे सफाईने वाचतात. यातून दिसते ते इतकेच की शिकण्याचा मुहूर्त पुढे ढकलता येतो. शिकवण्याची गरज संपते, असे यातून सिद्ध होत नाही. बेनेझेट यांच्या वर्गात शिक्षक रोज मुलांशी बोलत होते आणि सहावीत त्यांनी गणित शिकवलेच. थॉमस व पॅटिसन यांनी पाहिलेल्या कुटुंबांतही बोलायला कोणीतरी सतत घरी होते.

जगण्यातून आलेले ज्ञान कोठवर जाते, याचे प्रसिद्ध उदाहरण ब्राझीलमधील रेसिफे शहराच्या बाजारातले आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक गिऱ्हाईक बनून फेरीवाल्या मुलांकडे गेले. ३५ क्रुझेरोंचा एक नारळ, तर दहांचे किती, असे बारा वर्षांच्या एका मुलाला विचारले. त्याने आधी तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन घेऊन २१० केले, पुन्हा तीन घेऊन ३१५, आणि उरलेल्या एकाचे मिळवून ३५० सांगितले. दहाने गुणताना पुढे शून्य द्यायचे, ही शाळेची रीत त्याने वापरलीच नाही. बाजारातील अशा हिशेबांपैकी ९८ टक्के बरोबर आले. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत मांडली, तेव्हा ३७ टक्केच जमली. ही मुले पाचच होती. पण २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या, कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतील बऱ्याच मोठ्या अभ्यासातही हीच दरी दिसली. शिवाय, केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांची बाजारातल्या हिशेबापुढे तितकीच तारांबळ उडाली. दोन्ही पक्षांना हा निकाल गैरसोयीचा आहे. शाळेचे गणित आपोआप जगण्यात उतरत नाही, आणि जगण्यातले गणितही आपोआप बीजगणितापर्यंत चढत नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड गीअरी यांनी केलेला भेद येथे कामाचा आहे : बोलणे, चालणे, माणसे ओळखणे यांसाठी मनुष्याचा मेंदू उत्क्रांतीतूनच सज्ज झालेला आहे, लिपी आणि अपूर्णांक हे गेल्या काही हजार वर्षांतील शोध असल्याने ते बहुतेकांना कोणीतरी दाखवावे लागतात. कुतूहल मुलाला अपूर्णांकाच्या दारापर्यंत नेईल, पण आत नेणारे माणूस घरात किंवा घराच्या ओळखीत असावे लागते.

प्रत्यक्ष मोजणी करणारे अभ्यास थोडे व लहान आहेत. कॅनडात सँड्रा मार्टिन-चँग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या घेतल्या. घरी शिकणारी ३७ आणि शाळेत जाणारी ३७. घरी आखीव धडे करणारी मुले शाळेतल्यांपेक्षा सरस ठरली, तर धड्यांविना शिकणारी मुले त्यांच्या बरीच मागे पडली. मात्र ही दुसरी मुले केवळ १२ होती, आणि ज्या वयात त्यांचे वाचन उशिरा येणे अपेक्षितच असते नेमक्या त्याच वयात त्यांची परीक्षा झाली. उलट बाजूने पीटर ग्रे व जीना रायली यांनी असे शिक्षण घेऊन मोठ्या झालेल्या ७५ जणांना प्रश्न विचारले. त्यांतील बहुसंख्यांनी पुढे कोणते ना कोणते उच्च शिक्षण घेतले होते आणि आपल्या वाढण्याविषयी ते समाधानी होते. हे सारे स्वतःहून पुढे आलेले असल्याने, ज्यांचे बिनसले ते गप्प राहिले असण्याची शंका रास्त आहे. तरी या अभ्यासातील सर्वांत बोलका भाग म्हणजे नाराज असलेले तिघे. त्यांच्या सांगण्यात आईचे ढासळलेले मानसिक स्वास्थ्य, अलिप्त वडील आणि बाहेरच्या माणसांशी तुटलेला संबंध, या गोष्टी येतात. अभ्यासक्रम नव्हता, ही त्यांची मुख्य तक्रार नव्हती. त्याच्या जागी काहीच नव्हते.

महाराष्ट्राच्या इतिहासातून उठणारा आक्षेप याहून जड आहे. येथे शाळा ही बहुजनांना आणि मुलींना घरच्या व जातीच्या चौकटीतून बाहेर काढणारी वाट ठरली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला. सक्तीचा रोख पालकांवर होता, कारण घर मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, हिताचेच असेल असे गृहीत धरता येत नव्हते. हा आक्षेप खोडता येत नाही. त्याने या पद्धतीची व्याप्ती ठरते. ऊसतोडीच्या फडावर आई-वडिलांबरोबर फिरणारे मूलही अभ्यासक्रमाबाहेरच असते. त्याच्या वाट्याला येते ती शिक्षणाची वंचना, कारण मोठ्यांच्या दिवसात त्याच्यासाठी सवड नसते. एका पालकाची मिळकत सोडण्याची ऐपत असलेल्या शहरी घरांची ही पद्धत सर्वांसाठी धोरण म्हणून सुचवणे त्यामुळे गैर होईल. पण काही घरांना ती पेलते, म्हणून तेवढ्या घरांनाही ती नाकारावी, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मुले एकलकोंडी होतात, हा नेहमीचा आक्षेप तुलनेने हलका आहे. वेगवेगळ्या वयांच्या माणसांत वावरणे शाळेविनाही साधते. फक्त ते कोणीतरी आवर्जून घडवून आणावे लागते.

कायद्याची भूमिका देशोदेशी वेगळी आहे. जर्मनीत शाळेतील हजेरी सक्तीची आहे आणि २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, मुलांना घरी शिकवणाऱ्या वुंडरलिश कुटुंबाच्या खटल्यात, जर्मनीच्या बाजूने निकाल दिला. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्याने मुलाला योग्य शिक्षण देण्याचे कर्तव्य पालकांवर टाकले; ते शाळेत वा अन्य प्रकारे पार पाडण्याची मुभा ठेवली. भारतात राज्यघटनेचे कलम ५१क पालकाकडून मुलाला शिक्षणाची संधी देण्याची अपेक्षा करते, तर २००९ चा शिक्षणहक्क कायदा कलम १० मध्ये शाळेत घालण्याचे कर्तव्य सांगतो, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगत नाही. या फटीत गृहशिक्षण उभे आहे. अडचण पुढे प्रमाणपत्राच्या वेळी येते. महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते, पण त्यासाठी पाचवी उत्तीर्ण असावे लागते आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाकडे तो नसतो. म्हणून बरीच कुटुंबे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळतात. तिची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षांपुढे देता येते. शिक्षणहक्क कायद्याचे कलम ४ फारसे चर्चेत नसते, पण ते महत्त्वाचे आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे, म्हणजेच परतीची वाट ठेवली आहे.

ही वाट मुलाच्या हाती असणे, ही या पद्धतीची खरी कसोटी. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तत्त्व म्हणून आपल्या मुलांना शाळेत घातले नाही. त्यांना पुरेसा वेळ देता आला नाही आणि याबद्दल मुलांची तक्रार राहिली, हे त्यांनी आत्मकथेतच नमूद केले आहे. तेथे शाळा नाकारली ती वडिलांच्या विचाराने. शिक्षण घरचे होते, पण निर्देश मुलांचा नव्हता. पालकाची शाळेविषयीची चीड हा मुलाचा निर्णय नव्हे. मूल शाळा मागू लागले तर ती द्यायची तयारी, वर्षावर्षाला त्याचे मत नव्याने विचारणे, वाचन व गणित कोठवर आले याची प्रामाणिक नोंद आणि घराबाहेरच्या जाणत्या माणसांचा नित्य सहवास, एवढे असेल तर अभ्यासक्रमाविना शिक्षण होऊ शकते. यांपैकी काही नसेल, तर मुलाला शाळेत घालणेच त्याच्या हिताचे. शाळेबाहेरच्या मुलाच्या घराचा विचार करताना राज्यसंस्थेनेही पाठ्यपुस्तकांची यादी तपासण्यापेक्षा हेच प्रश्न विचारावेत.