सडीचा इतिहास आणि सुकेळीचे शहाणपण

विरार ते मुंबई उपनगरी गाडी १८६७ साली सुरू झाली आणि दहिसरवरून जाणाऱ्या या मार्गाने वसई पट्ट्यातली भाजी, केळी नि विड्याची पाने शहराच्या अगदी जवळ आली. मात्र वाहतुकीचा वेळ घटला म्हणून सड हटली नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञ एल. आर. जोन्स यांनी १९०१ मध्ये गाजरातल्या मऊ सडीचा जिवाणू वर्णिला, तेव्हा तिचे कारण उलगडले: जखमेतून शिरलेला जिवाणू पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळवतो. ओल, उष्णता आणि कोंदट हवा त्याला पोसते. म्हणजे अंतराइतकीच हाताळणीही निर्णायक असते. विरारजवळच्या आगाशीच्या राजेळी केळ्यांची सुकेळी हेच सांगते. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवली की सडीला लागणारे पाणीच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की सुकेळी चवीसाठी होती, आणि आता शीतगृहे आहेत. चवीचा वाटा खरा आहे, पण टिकाऊपणाशिवाय ती दूरच्या बाजारात पोहोचलीच नसती. शीतगृहही जिवाणू मारत नाही, त्याची वाढ मंदावते. चिरडलेली, ओली कोबी थंडीतून बाहेर काढली की पुन्हा सडू लागते. लागण झालेला गड्डा औषधाने बरा होत नाही. म्हणून काढणीत जखम टाळा, माल सुकवूनच भरा, क्रेटमध्ये हवा खेळू द्या आणि सडका नग ताबडतोब वेगळा करा.