ध्रुवीय हिमाचे तापमान : सूक्ष्मतरंगांद्वारे मापन

प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार सूक्ष्मतरंग प्रारण बाहेर टाकतो. ध्रुवीय हिमातून निघणारे असे क्षीण प्रारण उपग्रहावरील विकिरणमापकाने टिपून त्यावरून हिमाचे तापमान अनुमानिले जाते. अवरक्त किरणांनी केवळ पृष्ठभागाचे तापमान कळते व तेही आकाश निरभ्र असताना. सूक्ष्मतरंग मात्र बहुतांशी ढगांतून पार होतात आणि त्यांना सूर्यप्रकाशाची गरज नसल्याने सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीतही मापन चालू राहते.

उपग्रहाला मिळते ते ‘दीप्ति-तापमान’, म्हणजे खरे तापमान आणि उत्सर्जकता (पदार्थाची प्रारण सोडण्याची क्षमता) यांचा गुणाकार होय. खरी अडचण उत्सर्जकतेची आहे, कारण हिमकणांचा आकार, घनता आणि थरांची रचना यांनुसार ती बदलते. थरांचा परिणाम कमी व्हावा म्हणून उभ्या ध्रुवणाचे, सुमारे ५०° ते ५५° कोनातून घेतलेले मापन अधिक विश्वसनीय मानतात. कोरडे हिम सूक्ष्मतरंगांना बरेच पारदर्शक असल्यामुळे ३७ गिगाहर्ट्‌झला वरच्या सुमारे मीटरभर थराचे, तर ६·६ गिगाहर्ट्‌झला कित्येक मीटर खोलीपर्यंतचे प्रारण पोहोचते. म्हणून पहिल्यात ऋतुमानाचे चढउतार स्पष्ट उमटतात आणि दुसऱ्यात ते मंदावतात. हिम किंचितही वितळले, तर पाण्यामुळे उत्सर्जकता एकदम वाढून दीप्ति-तापमान उसळते. अशा वेळी तापमानाचे गणित कोलमडते, परंतु वितळण्याचा दिवस नेमका सापडतो.

भारताच्या ‘ओशनसॅट-१’ (२६ मे १९९९) या उपग्रहावरील बहुवारंवारता विकिरणमापक ६·६, १०·६५, १८ व २१ गिगाहर्ट्‌झवर काम करीत असे. तो मुख्यतः सागरी अभ्यासासाठी असला, तरी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याच्या साहाय्याने अंटार्क्टिकाभोवतालच्या सागरी बर्फाचाही अभ्यास केला.

उपग्रहाच्या आकड्याला जमिनीवरील तापमापकाची साक्ष लागतेच. वास्को-द-गामा (गोवा) येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या व्यवस्थेखाली अंटार्क्टिकात ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२) ही स्थानके आहेत. मात्र ती बर्फमुक्त खडकाळ भूमीवर असल्याने तेथील नोंदी अंतर्भागातील हिमाला जशाच्या तशा लावणे धोक्याचे ठरते. शिवाय प्रचलित नकाशांतील एक चौकट बहुधा २५ किमी. बाजूची असते. रत्नागिरी जिल्ह्यात ती मांडली, तर खेड आणि दापोली या दोन्ही गावांना मिळून एकच तापमान द्यावे लागेल. त्यामुळे एका बिंदूवरील तापमापकाशी या मापनाची तुलना करताना सपाट, एकसारख्या हिमप्रदेशातील स्वयंचलित हवामान केंद्रे निवडणे श्रेयस्कर असते.