पर्यायी विकासमार्ग : नवी मुंबई व सानपाडा

पर्यायी विकासमार्ग : एखाद्या प्रदेशाला समृद्धी व स्थैर्याकडे नेऊ शकणारा, त्या वेळी खुला असलेला पण प्रत्यक्षात न घेतलेला मार्ग, तसेच अशा मार्गाचा इतिहासाच्या अंगाने केलेला अभ्यास. ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न मराठी वाचकाला जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे परिचित आहे. तिथे पानिपतावर विश्वासराव वाचतात आणि पुढचा हिंदुस्थान बदलतो. कथेत एक गोळी चुकली की काम भागते. अर्थेतिहासात तसे चालत नाही. तिथे पर्याय त्या काळच्या कायद्यात, तिजोरीत आणि कागदपत्रांत सापडावा लागतो. अमेरिकी अर्थेतिहासकार रॉबर्ट फोगेल यांनी 1964 मध्ये रेल्वेविना अमेरिकेचा हिशेब मांडला. शेतमालाच्या वाहतुकीपुरता पाहिला तर 1890 च्या राष्ट्रीय उत्पन्नात थोड्याच टक्क्यांचा फरक पडला असता, असे त्यांना दिसले. फोगेल यांना 1993 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

महाराष्ट्रात या कसोटीला उतरणारे चांगले उदाहरण म्हणजे नवी मुंबई. तिचे दोन न घेतलेले मार्ग कागदोपत्री उपलब्ध आहेत आणि दोन्हींचे परिणाम सानपाड्यासारख्या एका छोट्या उपनगरात आजही तपासता येतात.

पार्श्वभूमी : ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील सानपाडा हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. या पट्ट्याची उपजीविका खारजमिनीवरील भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर चाले. येथील जमिनीचा इतिहास नगररचनेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. तो इथे सांगणे भाग आहे. 1930 च्या दशकात याच किनारपट्टीवर, अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे संप केला. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या ‘कृषक दिना’पासून कसणारी कुळे मालक ठरू लागली. पुढच्या तेराच वर्षांत नव्या शहरासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. आजोबांच्या पिढीने खोताकडून सोडवलेली जमीन नातवाच्या पिढीत सरकारजमा झाली. पुढच्या आंदोलनाची धग समजायची तर हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

योजना : मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी हा विचार बर्वे समितीने 1959 मध्ये आणि गाडगीळ समितीने 1960 च्या दशकाच्या मध्यास मांडला होता. त्याला शहराचे रूप दिले ते चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी. त्यांचा प्रस्ताव 1965 मध्ये मुल्कराज आनंद संपादित ‘मार्ग’ नियतकालिकाच्या अंकात प्रसिद्ध झाला. 17 मार्च 1970 रोजी हे शहर उभारण्यासाठी सिडको ही शासकीय कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांची मिळून सुमारे 344 चौरस किलोमीटर भूमी तिच्या कक्षेत आली. शासनाकडून मिळालेले बीजभांडवल 4 कोटी रुपयांच्या आत होते. बाकीचा पैसा जमिनीतूनच उभा करायचा होता. शेतजमीन स्वस्तात घ्यायची, रस्ते-पाणी द्यायचे, भाव वाढला की भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचे शहर बांधायचे, असा हा हिशेब होता.

पहिला न घेतलेला मार्ग, शासनाचे स्थलांतर : मूळ प्रस्तावाचा कणा सरकारी रोजगार हा होता. मंत्रालय व विधिमंडळ खाडीपलीकडे गेले की कचेऱ्या, बँका, वकील, खानावळी मागोमाग जातील, अशी अपेक्षा होती. शासनाने उलटे केले. नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून तयार केलेले भूखंड विकले गेले, तिथे मनोरे उभे राहिले आणि 1981 मध्ये विधानभवनाची नवी इमारतही तिथेच झाली. बेलापूरला कोकण विभागाचे मुख्यालय असलेले कोकण भवन आले. राज्यकारभार मात्र खाडी ओलांडून गेला नाही.

नगररचनाकारांच्या चर्चेत हाच मार्ग सर्वांत हळहळीने आठवला जातो. त्याचे महत्त्व थोडे फुगवलेले आहे, असे सानपाड्याकडे पाहून म्हणावे लागते. मंत्रालय आले नाही तरी मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने शेजारच्या वाशी-तुर्भे पट्ट्यात आले. भाजीपाला व फळांचा बाजार 1996 मध्ये स्थिरावला. 1992 मध्ये मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो सानपाड्यावरून नेरुळकडे गेला. या मार्गांच्या खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोने व एक तृतीयांश रेल्वेने उचलला. सानपाड्याला लोकल गाड्यांची कारशेडही झाली. माथाडी, अडते, मालमोटारवाले, रेल्वे कर्मचारी, हिशेबनीस असा मिश्र रोजगार उभा राहिला. मंत्रालय आले असते तर हेच वीस वर्षे आधी झाले असते आणि दक्षिण मुंबईकडे जाणारे लोंढे काहीसे कमी झाले असते. तो फरक वेगाचा आहे. शहराच्या स्वभावात त्याने किती बदल केला असता, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

दुसरा न घेतलेला मार्ग, जमीनमालकाची भागीदारी : हा मार्ग कमी चर्चिला जातो. मुंबई प्रांतात 1915 पासून नगररचना योजनेचा कायदा होता. त्यात मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते व सार्वजनिक सोयींपुरता भाग काढून घेतला जाई आणि उरलेली जमीन विकसित भूखंडांच्या रूपाने मूळ मालकालाच परत मिळे. भाववाढीचा मोठा वाटा त्याच्याकडे राही. सिडकोने हा मार्ग सोडला. 1894 च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेऊन रोख मोबदला दिला. त्यामुळे आराखडा झपाट्याने आखता आला, पण चढत्या भावातून गावकरी बाहेर पडले.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांच्या आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. 1990 च्या दशकात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना लागू झाली. ‘साडेबारा टक्के’ हा शब्द आज या भागात व्यवहाराची भाषा झाला आहे. मात्र भूखंड हाती येईपर्यंत अनेकांनी आपला हक्क आधीच विकलेला होता. दरम्यान वाढत्या कुटुंबांनी गावठाणाबाहेर, कागदावर सिडकोच्या झालेल्या जमिनीवर, घरे बांधली. त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. सानपाडा गावातील दाटीवाटीच्या चाळी व इमारती आणि त्यांना वेढणारे आखीव सेक्टर यांतील फरक या निर्णयातून आला आहे.

हा पर्याय व्यवहार्य होता का, याचा अंदाज पुण्याजवळच्या मगरपट्टा सिटीवरून येतो. तिथे 2000 च्या सुमारास शंभरहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली आणि आपल्याच कंपनीचे भागधारक होऊन शहर बांधले. पण तिथली बहुतेक कुटुंबे एकमेकांच्या नात्यातली होती. 95 गावांतले सातबारे, सामाईक हिस्से, मिठागरांचे वाद आणि मुळात जमीनच नावावर नसलेले कोळी व मीठ-मजूर यांना तेच सूत्र जसेच्या तसे लागू पडले नसते. खाडीवर जगणाऱ्याला जमिनीचा वाटा देऊन भरपाई होत नाही. त्याच्यासाठी वेगळी तरतूद लागली असती आणि ती कुठल्याच आराखड्यात नव्हती.

सिडकोनंतर दहा वर्षांनी, 1980 मध्ये, चीनमध्ये शेन्झेन हे विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले. तिथेही जुन्या गावांभोवती शहर वाढले. गावसमूहांकडे थोडी जमीन उरली होती. त्यांनी तिच्यावर भाड्याच्या इमारती बांधल्या आणि स्थलांतरित कामगारांची स्वस्त घरे बव्हंशी त्यांतूनच पुरवली गेली. नवी मुंबईच्या गावठाणांनी हेच काम केले. परवानगीविना, म्हणून कायम पाडकामाच्या टांगत्या तलवारीखाली.

मूल्यमापन : दोन मार्गांपैकी समृद्धीच्या दृष्टीने पहिला आणि स्थैर्याच्या दृष्टीने दुसरा महत्त्वाचा मानला जातो. या नोंदीचे मत असे की, दुसऱ्या मार्गाने दोन्ही साधले असते. मोबदल्याच्या वाढीसाठी चाललेले खटले, रखडलेले ताबे आणि अतिक्रमणांचे वाद यांत गेलेला काळ हा शहराचाही खर्चच होता. याला उशिरा का होईना, शासनाच्या वर्तनातूनच दुजोरा मिळतो. नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड देऊ करण्यात आले. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी आखलेल्या ‘नैना’ भागात सिडकोने नगररचना योजनाच राबवायला घेतल्या असून, त्यांत मालकाकडे सुमारे 40 टक्के भूखंड राहतो. विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. सानपाड्यासह जुन्या गावांच्या जमिनी मात्र या सूत्रांच्या कितीतरी आधी, रोख मोबदल्याच्या काळात गेल्या होत्या.