ग्रामीण कर्करोग निवारण कार्य, बार्शी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे धर्मादाय तत्त्वावर चालविण्यात आलेले कर्करोगाचे निदान, उपचार, नोंदणी व लोकशिक्षण यांचे कार्य. नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय हे त्याचे केंद्र होय.

अभिनेत्री नर्गिस यांचे ३ मे १९८१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सुनील दत्त यांनी प्रतिष्ठान स्थापून कर्करुग्णांसाठी निधी उभारला. बार्शीच्या रुग्णालयास नर्गिस यांचेच नाव देण्यात आले. अश्विनी ग्रामीण कर्करोग संस्थेच्या या रुग्णालयाचे कार्य बी. एम. नेने यांच्या नेतृत्वाखाली विस्तारले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (स्था. १९४१) येथून सु. ४०० किमी. दूर असल्यामुळे शेतमजूर कुटुंबातील रुग्णास प्रवासखर्च व बुडणारी मजुरी हेच उपचारातील पहिले अडथळे ठरत. शिवाय स्तनातील गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. त्यामुळे व संकोचामुळे स्त्रिया ती दीर्घकाळ लपवीत. केवळ इमारत व यंत्रसामग्री यांसाठी देणग्या मिळवून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

या कार्यास १९८७ मध्ये निराळे वळण मिळाले. टाटा स्मारक केंद्र व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या साहाय्याने बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरांतील नोंदणी मुख्यतः रुग्णालयांतील कागदपत्रे व मृत्यूचे दाखले यांवर अवलंबून असते. खेड्यांत मात्र अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचत नसत व मृत्यूचे कारणही नोंदले जात नसे. म्हणून क्षेत्र-कार्यकर्ते गावोगाव जात. स्तनातील गाठ, अनियमित रक्तस्राव, तोंडातील न भरणारा व्रण ही लक्षणे समजावून देत आणि संशयित रुग्णांस तपासणीस प्रवृत्त करीत. अशा रीतीने गणना हेच लोकशिक्षणाचे साधन बनले. जाणीव वाढल्यावर गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे कस्तुरी जयंत, नेने प्रभृतींनी १९९५ मध्ये दाखविले.

या नोंदणीच्या प्रारंभीच्या काळात ग्रामीण स्त्रियांत गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग सर्वाधिक होता, तर स्तन कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या मानाने बरेच कमी होते. लवकर होणारी प्रसूती, अधिक अपत्ये व दीर्घकाळ स्तनपान या गोष्टी स्तन कर्करोगाचा संभव कमी करतात. हे चित्र पुढे पालटत गेले व देशात एकंदरीत स्तन कर्करोग स्त्रियांत प्रथम क्रमांकावर आला.

बार्शीच्या अनुभवाचा उपयोग शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत झाला. एकदाच केलेल्या मानवी पॅपिलोमा विषाणूच्या तपासणीने गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाचे मृत्यू सु. निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसून आले. तथापि तुलनेसाठी एका गटास तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले.

स्तन कर्करोगासंबंधीची तत्सम चाचणी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू झाली. प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तन कर्करोगाचे मृत्यू सु. ३०% घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र अशी घट आढळली नाही. या तपासणीस महागडे यंत्र लागत नाही; प्रशिक्षण, कार्यकर्त्यांचे वेतन व पुढील उपचारांची हमी यांसाठी मात्र सातत्याने द्रव्य लागते. स्थानिक देणग्यांचा या रोगाच्या निवारणातील खरा उपयोग येथेच आहे.