टिळकांचा राग, लक्ष्मीबाईंची वही

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं ते थोडं कापलंय, बाकी जसंच्या तसं.)



आजचा भाग जरा वेगळ्या कारणाने सुरू झाला. आमच्याकडे गोंदियात पुरुषांची एक प्रार्थनासभा असते, महिन्यातून एकदा. तिथे मला विषय दिला होता, ‘ख्रिस्ती पुरुष आणि आत्मसंयम’. मी आपला उत्साहाने कामाला लागलो. पहाटे साडेचारला उठणे, रोज एक अध्याय वाचन, मोबाईल दुसऱ्या खोलीत, शुक्रवारी उपास, खर्चाची वही. अकरा मुद्दे काढले. रात्री बायकोला यादी वाचून दाखवली. तिने भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं आणि म्हणाली, “लिस्ट तं चांगली आहे. पन यात आवाज खाली ठेवाचं कुठी लिहिलं आहे जी?”

मी काही बोललो नाही. कारण बोललो असतो तर आवाज वरच गेला असता.

ती यादी मी बाजूला ठेवली आणि इतिहासाकडे वळलो. इतिहासात लपायला जागा असते असं मला वाटायचं. पण ज्या माणसाकडे गेलो त्याने उलट मला पकडलं. तो माणूस म्हणजे नारायण वामन टिळक. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेत ज्यांची ओळख होते, ज्यांची भजनं आपण मराठी ख्रिस्ती लोक दर रविवारी गातो, ते. आणि त्यांची गोष्ट सुरू होते आपल्याच रेल्वेलाइनवर.

काळ आहे १८९३ च्या सुमाराचा. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो झाला १९९९ मध्ये. त्या काळी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात होता. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लाइन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावपर्यंत पोचली होती. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. गोंदिया अजून जंक्शन झालं नव्हतं. सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी आली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यामुळे तिथली ती गर्दी, ते फलाट बदलणं, काहीच नव्हतं. भंडारा रोड, तुमसर रोड, वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, मग दरेकशाचं जंगल आणि बोगदा, डोंगरगड, राजनांदगाव. आजही गाडी याच क्रमाने जाते. मी कितीदा तरी गेलोय.

टिळक तेव्हा तिशीतले. कोकणातल्या करजगावचा जन्म, नाशिकला वाढलेले, शिक्षण धड पुरं झालेलं नाही, पण संस्कृत पक्कं आणि कविता रक्तात. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलेलं. एका जागी टिकणं हा स्वभावच नव्हता. नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानात निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. त्याने जागा करून दिली, बोलणं सुरू झालं, संस्कृत काव्यावरून गाडी धर्मावर आली. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना ते भाकीत काही पटलं नाही. पण पुस्तक पूर्ण वाचीन असा शब्द त्यांनी दिला होता, आणि तो पाळला. सुरुवातीला मन रमेना. मग आला मत्तयाचा पाचवा अध्याय, डोंगरावरचं प्रवचन, आणि तिथून त्यांना पुढे हलताच येईना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्याच इच्छेने एका भारतीय पाळकाच्या हातून. दोन वर्षांचं भाकीत खरं झालं.

आपल्या सभांमध्ये ही गोष्ट इथे संपते. टाळ्या, भजन, चहा.

पण मला वाटतं खरी गोष्ट इथून सुरू होते. ज्या अध्यायाने टिळकांना धरलं, त्याच अध्यायात रागाबद्दल काय आहे ते आठवा. खून करू नको एवढ्यावर प्रभू थांबत नाही. भावावर रागावणारा, त्याला मूर्ख म्हणणारासुद्धा न्यायाला पात्र, असं म्हणतो. आणि वेदीपाशी अर्पण घेऊन आलास, तिथे आठवलं की कुणाचं मन आपल्यामुळे दुखलंय, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. म्हणजे ज्या पानावर टिळक अडकले, त्याच पानावर त्यांचा सगळ्यात जुना रोग लिहिलेला होता.

कारण टिळक भयंकर तापट होते. हे मी म्हणत नाही, लक्ष्मीबाई म्हणतात.

लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लग्नात अकरा-बारा वर्षांच्या. शाळा नाही. पुढे नवऱ्याकडून कसंबसं वाचायला शिकल्या. या बाईने उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. १९३४ पासून त्याचे भाग येऊ लागले, आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. मराठीतल्या सगळ्यात चांगल्या आत्मचरित्रांत ते आजही मोजलं जातं. हसत हसत लिहिलेलं पुस्तक आहे, पण हसता हसता आपला घास अडकतो.

त्यातले टिळक कसे आहेत? प्रेमळ, उदार, बुद्धिमान. आणि क्षणात भडकणारे. न सांगता घर सोडून निघून जाणारे. हातात पैसा आला की मागेल त्याला देऊन मोकळे होणारे, मग घरात पीठ आहे की नाही हा प्रश्न दुसऱ्याचा. राग उतरला की तितकेच विरघळणारे. जखमी पक्षिणीवर ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता लिहिणारा हा माणूस. अर्ध्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत त्या कवितेने पाणी आणलं. आणि त्याच माणसाच्या पावलांची चाहूल लागली की आज हवा कशी आहे याचा अंदाज घरात घ्यावा लागे.

आता दोन पुस्तकं शेजारी ठेवा. जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. तिथे आपल्याला प्रामुख्याने भक्त, कवी आणि संन्यासी भेटतो. ‘स्मृतिचित्रे’मध्ये नवरा भेटतो. दोन्ही खरे आहेत. पण आत्मसंयमाचा इतिहास लिहायचा असेल तर पुरावा कुठला धरायचा? माझं उत्तर आता ठरलंय. दुसरा.

का, ते सांगतो.

टिळकांनी मोठमोठे त्याग केले. जात सोडली, म्हणजे त्या काळात आई-बापाच्या घराचा उंबरठा, पंगत, पाणी, सगळं सोडलं. १९१७ मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर, अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात चालतील, ही कल्पना. केवढी हिंमत. पण बघा, हे सगळे त्याग एका झटक्यात होणारे आहेत. तापट माणसाला झटका जमतो. तापट माणूस घर सोडू शकतो, नोकरी सोडू शकतो, एका रात्रीत अकरा मुद्द्यांची यादीही करू शकतो. त्याला जमत नाही ते हळू बोलणं. महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत पैसे पुरवणं. आज भडकलो नाही, उद्याही नाही, परवाही नाही. यात टाळ्या कुठेच नाहीत.

म्हणून टिळकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संयम मला संन्यासात दिसत नाही. तो दिसतो १८९५ ते १९०० या वर्षांत.

बाप्तिस्म्याच्या बातमीने लक्ष्मीबाई कोसळल्या. पदरात लहान दत्तू. माहेरच्या माणसांनी त्यांना सांभाळलं, काही काळ त्या पंढरपूरला राहिल्या. नवरा-बायको जवळपास चार-पाच वर्षं वेगळे. टिळक तेव्हाच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मिशनच्या कामात. त्या काळच्या रीतीने नवऱ्याला हक्क दाखवता आला असता. स्वभावाने तर ते नक्कीच सुचलं असेल. शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळं-ओवळं घेऊनच आल्या, आपलं अन्न-पाणी वेगळं ठेवून राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना तसं राहू दिलं. जातीचा विचार त्यांनी स्वतः केला, स्वतःच्या डोक्याने केला आणि स्वतः सोडला. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. जो माणूस पाच मिनिटं धीर धरत नव्हता त्याने पाच वर्षं वाट पाहिली.

हा संयम आला कुठून? त्या काळात पुरुषाच्या संयमाची एक विलायती कल्पना जोरात होती. धडधाकट शरीर, थंड पाण्याची अंघोळ, खेळ, शिस्त, म्हणजे चांगला ख्रिस्ती पुरुष. लंडनमध्ये १८४४ साली निघालेली वायएमसीए आपल्या देशातही येऊन पोचली होती, तिने पुढे व्यायामशाळा आणि खेळ यांत मोठं काम केलं. त्यात वाईट काही नाही. पण टिळकांचा रस्ता तो नव्हता. ते म्हणत की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तुकोबांकडे स्वतःला तपासायची पद्धत काय आहे? स्वतःचा दोष लपवायचा नाही, देवासमोर आणि चारचौघांत उघडा करायचा. निंदा करणाऱ्याला शेजारी घर द्यायचं, कारण तो फुकट धुणं धुतो. टिळकांना शेजारी शोधावा लागला नाही. त्यांच्या घरातच एक बाई होती, जिची स्मरणशक्ती दांडगी होती आणि जिला खोटं कौतुक जमत नव्हतं.

टिळक पूर्ण सुधारले का? नाही, मंडळी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना असं वाटत नाही की एका तारखेनंतर राग संपला. राग येतच राहिला. बदललं ते रागानंतरचं. माफी लवकर येऊ लागली, अर्पण वेदीपाशी ठेवून मागे फिरायची सवय लागली. पौलाने आत्म्याच्या फळांत इंद्रियदमन शेवटी ठेवलंय, प्रीती, आनंद, शांती, सौम्यता यांच्याही नंतर. मी ते नेहमी पहिलं समजत होतो. आधी दमन, मग बाकीचं. धानाच्या मुलखात राहून मला हे कळायला हवं होतं की लोंबी शेवटी येते, आणि ती ओढून लांब करता येत नाही.

टिळक ९ मे १९१९ ला मुंबईत गेले. त्यांनी सुरू केलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या बाईने नवऱ्याचा राग, उधळेपणा, न सांगता निघून जाणं, सगळं छापून ठेवलं, तिनेच त्याचं राहिलेलं काम हातात घेतलं. तिचा हिशेब कडक होता, पण तो शत्रूचा हिशेब नव्हता.

तर सभेत मी काय बोललो? यादी नेलीच नाही. टिळकांची गोष्ट सांगितली आणि शेवटी एवढंच म्हणालो की आपल्या संयमाची वही आपण स्वतः लिहिली तर त्यात आपण नेहमी पास होतो. ती वही घरच्या माणसाच्या हातात द्या. बायकोला, आईला, मोठ्या झालेल्या मुलीला एकच विचारा, “या महिन्यात माझी भीती कधी वाटली?” आणि उत्तर आलं की स्पष्टीकरण देऊ नका. गप्प बसा. तेवढाच त्या दिवसाचा उपास.

सभेत जरा शांतता पसरली. मागे बसलेल्या एका काकांनी विचारलं, “आणि उत्तर लांबलचक आलं तर?” सगळे हसले. मी म्हणालो, काका, मग चहा घेऊन बसा.

मी घरी विचारलं. बायकोने दोन प्रसंग सांगितले. पहिला मला आठवत होता. दुसरा आठवतच नव्हता, आणि तोच मोठा होता. मुलाच्या निकालाच्या दिवशीचा. मी तोंड उघडलं, मग बंद केलं. मग मुलाच्या खोलीत गेलो. काय बोललो ते इथे सांगत नाही, ते त्याचं आणि माझं आहे.

पहाटे साडेचारला मात्र मी अजूनही उठतो. हावडा लाइनच्या गाडीचा भोंगा त्या वेळी आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. ती गाडी राजनांदगावकडे चालली असेल तर मला टिळक आठवतात, मांडीवर न आवडलेलं पुस्तक घेऊन बसलेले, शब्द दिलाय म्हणून वाचणारे.

पुढच्या भागात लक्ष्मीबाईंवर स्वतंत्रपणे बोलू. तोवर ‘स्मृतिचित्रे’ मिळवा आणि वाचा, शक्यतो घरात मोठ्याने. भेटू. सलाम.