पंडिता रमाबाईंची स्वतंत्र शाळा

ख्रिस्ती शाळा म्हटली, की तिच्या पाठीशी एखादे परदेशी मिशन उभे असावयाचे, अशी आपली साधारण समजूत असते. पुणे जिल्ह्यातील केडगावची पंडिता रमाबाईंची शाळा या चाकोरीतली नव्हे. ती ख्रिस्ती होती, पण कोणत्याही मिशनच्या हुकमतीखाली नव्हती. या स्वातंत्र्याचे मोल तिला कसे मोजावे लागले, ते आज थोडक्यात पाहू.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि तेथील धर्मभगिनींपुढेही मुकाट्याने मान तुकवावी, असा त्यांचा पिंडच नव्हता. पुढे अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय विधवांची स्थिती लोकांपुढे मांडली. १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले. दहा वर्षे मदत मिळावयाची आणि शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती करावयाची नाही, असे ठरले. त्या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या.

रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. त्यांना मज्जाव करण्यास बाई तयार नव्हत्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे व भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले, आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. ज्या बाईंनी आधार दिला, त्यांचे आचरण हाच कोवळ्या मनाला उपदेश होतो. परंतु परत गेलेल्या विधवांसाठी दुसरी सोय काय होती? कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघावयास १८९६ साल उजाडावे लागले.

त्याच सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. १८९८ साली अमेरिकन मंडळाची मुदत संपली, आणि ‘मुक्ति सदन’ उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून नांदू लागले. आता संदिग्धता उरली नाही. गुजरातच्या दुष्काळानंतर तर आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली.

एवढ्या जणींना नुसत्या देणग्यांवर पोसणे शक्य नव्हते. म्हणून अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना हेही शिक्षणच ठरले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे याच स्त्रियांनी जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. पुण्यातील मुलींना परत नेणारे पालक होते. दुष्काळातून आलेल्यांना कोणीच नव्हते. मग त्यांचा धर्मस्वीकार कितपत स्वेच्छेचा म्हणावा? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याने त्याच्या शेजारी दुसराही ठेवावा: त्या मुली उपाशी रस्त्यावर पडल्या असता त्यांच्यासाठी आपल्यापैकी किती दारे उघडली होती? केडगावची संस्था आजही चालू आहे. तिचा इतिहास वाचताना हे दोन्ही प्रश्न एकत्रच वाचले पाहिजेत.