सुगीची गाणी आणि जनाबाई

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आपल्या आजी-पणजींनी शेतात गाळलेल्या घामाचा इतिहास मात्र त्यांच्या गाण्यांतच राहिला.

आपल्या जिंतूरकडे रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला येते. पूर्वी खळे शेणाने सारवून मधोमध तिवडा रोवीत व त्याभोवती कणसांवर बैल फिरवीत. मळणी, उफणणी झाली की राशीची पूजा होई. पहिले माप घालताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. मग बलुतेदारांचा वाटा निघे. मजूर बायांची मजुरीही बहुधा धान्यातच मिळे. त्यावर घरची चूल पेटे, म्हणून राशीचा दिवस त्यांचाही सण असे.

कापणीत सर्वांचे हात एका तालावर चालावेत म्हणून भलरी म्हणत. तेच धान्य पहाटे जात्यावर पडले की ओवी सुरू होई. त्या ओव्यांत विठ्ठल आणि जनाबाई वारंवार भेटतात. जनाबाई आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या. पंढरपुरी नामदेवांच्या घरी त्यांनी दळण, कांडण, झाडलोट केली. इ. स. १३५० हे त्यांच्या समाधीचे वर्ष मानतात. विठ्ठल त्यांच्यासोबत जाते ओढी, अशी कथा आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरणच्या सावता माळ्यांना भेटायला देव मळ्यात आला, असेही सांगतात. त्यांची समाधी इ. स. १२९५ ची.

मजुरी बुडवून वारीला जाणे जिला परवडत नव्हते, तिला या कथांनी केवढा धीर दिला असेल! देव कामाच्या जागी येतो, हे तिला पटले.

जनाबाईंनी अभंगांत आपले नाव घातले, म्हणून ते साडेसहाशे वर्षांहून अधिक टिकले. ओव्या रचणाऱ्या कितीतरी बायांची नावे मात्र गेली. पुढे पिठाची गिरणी आली, मळणीयंत्र आले. कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. पण त्यासोबत गाणीही मागे पडली. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परक्या देशातून आलेल्या माणसाला जे मोलाचे वाटले, ते आपल्याच घरात आहे.

तेव्हा प्रत्येकीने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या म्हातारीकडून निदान चार ओव्या उतरवून घ्याव्यात, आणि खाली तिचे नाव आठवणीने लिहावे.